डबी उलटी करून बघा: रोजचं साबण, शाम्पू, क्रीम घेताना

बार्शीत आमचं जनरल स्टोअर्स आहे, म्हणजे बांगड्या, टिकल्या, पावडर, शाम्पू, रुमाल, सेफ्टी पिना सगळं एकाच गाळ्यात, आमच्याकडं त्याला कटलरीचं दुकान म्हणतात. लग्न होऊन आल्यावर दुसऱ्याच वर्षी सासऱ्यांनी गल्ल्यावर बसवलं ते आजपर्यंत, सतरा-अठरा वर्षं झाली असतील. एवढ्या वर्षांत बघितलंय, गिऱ्हाईक डबी हातात घेतं, पुढचा फोटो बघतं, झाकण उघडून वास घेतं, किंमत विचारतं आणि पिशवीत टाकतं. डबी उलटी करून वाचणारं गिऱ्हाईक महिन्यातून एखादं. आणि कामाचं सगळं मागच्या बाजूलाच असतं, कारण पुढं कंपनी तिला पाहिजे ते छापते आणि मागं कायदा छापायला लावतो ते. त्यामुळं घरातल्या पोरीबाळींना, नणंदा-भावजयांना मी जे सांगत असते तेच इथं लिहितेय, दुकानदारानं हे सांगणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा, पण असू दे.

आपल्याकडं कॉस्मेटिकला २०२० चे नियम लागू आहेत. त्याप्रमाणं डबीवर बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ते, लायसन नंबर आणि आतल्या घटकांची यादी असावी लागते. बाहेरच्या देशातला माल असेल तर इथं आणणाऱ्याचं नाव-पत्ता आणि रजिस्ट्रेशनचा नंबर. अक्षरं मुंगीएवढी असतात हे मान्य, पण आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, फोटो काढा आणि मोठा करून वाचा. ह्यातलं काहीच डबीवर नसेल तर ती वस्तू फुकट मिळाली तरी घेऊ नका, का ते पुढं सांगते.

घटकांच्या यादीची एक गंमत कळली की अर्धं काम झालं. जे सगळ्यात जास्त आहे ते पहिलं, मग कमी कमी होत जातं, आणि एक टक्क्याच्या खालचं जे असतं ते शेवटी कुठल्याही क्रमानं लिहिलं तरी चालतं. आता बदामाच्या तेलाची बाटली घ्या, पुढं एवढाले बदाम, मागं बघितलं तर बऱ्याच बाटल्यांत पहिलं नाव मिनरल ऑइल नाहीतर लिक्विड पॅराफिन, आणि बदाम कुठंतरी सुगंधाच्या आसपास. मिनरल ऑइल काही विष नाही, केस मऊ दिसतात त्यानं, पण मग बदामाचे पैसे कशाला द्यायचे. तसंच 'केशरयुक्त', 'कोरफडयुक्त', 'हर्बल'. 'केमिकल फ्री' तर मला कळतच नाही, पाणी पण केमिकलच आहे की!

साबणाचं बघू. वेष्टनावर टीएफएम म्हणून टक्केवारी असते, म्हणजे साबणात खरं तेल-चरबीचं किती. आपल्या मानकाप्रमाणं ७६ टक्के किंवा वर असेल तर ग्रेड १, ७० ला ग्रेड २, ६० ला ग्रेड ३. आणि कित्येक वड्यांवर 'टॉयलेट सोप' लिहिलेलंच नसतं, 'बेदिंग बार' असतं, त्याला ४० टक्के पण चालतं. म्हणून वास छान, फेस छान आणि अंघोळीनंतर अंग ओढल्यासारखं होतंय, थंडीत पोटऱ्यांवर पांढरं पडतंय, तर आधी वेष्टन वाचा. वजन पण बघा, किंमत तीच ठेवून वडी बारीक करायची सवय सगळ्यांनाच लागलीय. साबणदाणी जाळीची ठेवा, पाण्यात भिजत पडलेली वडी निम्मी गटारातच जाते.

पण कितीही चांगला साबण असला तरी तो अल्कलीच, त्याचा पीएच, म्हणजे आंबट का अल्कली ते सांगणारा आकडा, ९-१० च्या घरात, आणि आपली कातडी जरा आंबट बाजूची, साधारण ५. अंगाला चालतं, पण चेहरा दिवसातून चार वेळा साबणानं धुवायचा आणि मग तेलकटपणा जात नाही म्हणून पाचव्यांदा धुवायचा, हे कॉलेजच्या पोरांचं चालू असतं. सकाळी-संध्याकाळी साधा फेसवॉश बास, तोसुद्धा सौम्य. चेहरा धुतल्यावर ताणल्यासारखं वाटलं की 'एकदम स्वच्छ झालं' असं लोकांना वाटतं, ते स्वच्छ नाही, कोरडं झालेलं असतं.

मग चेहऱ्याला लागतं तरी काय? फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. तीन. मोबाईलवर बघून पोरी येतात, काकू नायसिनमाइड द्या, व्हिटॅमिन सीचं सीरम द्या, रेटिनॉल द्या, सगळं एकदम. घ्या, माझं काय जातंय, पण एका वेळी एकच नवीन चीज सुरू करा आणि दोन-तीन आठवडे जाऊ द्या, नाहीतर तोंड लाल झालं तर कशानं झालं हे देव पण सांगणार नाही. सुरू करायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस थोडं थोडं लावून बघा. मुरमं असतील तर २ टक्क्याचं सॅलिसिलिक अ‍ॅसिड बऱ्याच जणांना चालतं. रेटिनॉल दिवस गेलेल्या बाईनं लावायचं नाही, आणि दिवस राहायची वाट बघत असाल तरी नाही, हे फार कमी जणींना माहिती असतं म्हणून मुद्दाम लिहितेय. मॉइश्चरायझर महागच पाहिजे असं काही नाही, ग्लिसरीन असलेलं साधं पण चालतं, फक्त अंघोळीनंतर अंग थोडं ओलं असतानाच लावायचं, हॉलमध्ये पंख्याखाली वाळून झाल्यावर नाही. थंडीत टाचांना रात्री पेट्रोलियम जेली चोपडून मोजे घाला, चाळीस रुपयांत काम होतं.

सनस्क्रीनवर जरा जास्त बोलते कारण तिथं सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. एसपीएफ म्हणजे उन्हातल्या यूव्हीबी किरणांपासून बचाव, १५ चं साधारण ९३ टक्के अडवतं, ३० चं ९७, ५० चं ९८. म्हणजे ३० आणि ५० मध्ये एका टक्क्याचाच फरक, आणि त्यासाठी दुप्पट पैसे द्यायचे का ते तुमचं तुम्ही बघा. जोडीला पीए आणि पुढं अधिकची चिन्हं असतात ती यूव्हीए म्हणजे उन्हातल्याच दुसऱ्या प्रकारच्या किरणांसाठी, तीन-चार असावीत. पण हे सगळे आकडे कातडीच्या एका चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर देऊन मोजलेले असतात. आपण लावतो शेंगदाण्याएवढं! तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हीवर बुडापासून टोकापर्यंत रेघ ओढायची, तेवढं चेहरा आणि मानेला लागतं. माझा दुकानातला हिशोब साधा आहे, रोज एकदा जरी नीट लावलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब दीड महिन्यात संपायला पाहिजे. तुमची दिवाळीला घेतलेली गुढीपाडव्याला पण अर्धी असेल तर तुम्ही सनस्क्रीन लावतच नाही, वास लावताय. आणि दोन तासांनी परत, घाम आला तर आधीच.

बरं, रोज रानात जाणाऱ्या बाईला हे परवडणार कसं? तर नाही परवडत, आणि तिला मी ट्यूब विकत पण नाही. डोक्याला गच्च बांधलेला सुती स्कार्फ, पूर्ण बाह्यांचा शर्ट साडीवरून, हे कुठल्याही क्रीमपेक्षा भारी. पुण्यात स्कूटीवर पोरी तोंडाला स्कार्फ गुंडाळून फिरतात त्यावर लोक हसतात, पण धूर आणि ऊन दोन्हीला तोच उपाय आहे. राहिलेल्या नाक-गालाला सनस्क्रीन लावा म्हणजे ट्यूब पण पुरते.

आता मुख्य मुद्दा, गोरं व्हायचं. २०२० मध्ये फेअर अँड लव्हलीच्या नावातलं फेअर जाऊन ग्लो आलं, पण गिऱ्हाईकाच्या डोक्यातलं काही गेलं नाही. लग्न ठरलं की पहिली मागणी तीच, "महिन्यात उजळलं पाहिजे असं काहीतरी द्या." महिन्यात उजळवणारं जे असतं ते दोनच प्रकारचं, आणि दोन्ही वाईट.

पहिलं म्हणजे स्टेरॉइडची क्रीम. मेडिकलमधून चाळीस-पन्नास रुपयांची ट्यूब, कुणीतरी सांगितलेली, शेजारणीनं लावलेली. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, असली नावं आतल्या औषधाची असतात. लावल्यावर आठ दिवसांत तोंड असं काही चमकतं की बघणारा विचारतोच काय लावलंस. मग महिना-दोन महिने जातात, आणि एक दिवस ट्यूब संपते, नवीन आणायची राहून जाते, तर तोंड लालभडक, आग, बारीक पुरळ. परत लावलं की शांत. म्हणजे व्यसनच की. कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसायला लागतात, गालावर केस येतात. आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं असं झालंय, चूल नाही की ऊन नाही, नुसत्या ट्यूबलाइटखाली बसली तरी तिला आग होतेय असं वाटायचं. २०१८ मध्ये सरकारनं अशा चौदा स्टेरॉइडांच्या मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची बंदी केली, तरी मिळतात. ओळखायचं कसं, तर ट्यूबवर किंवा खोक्यावर लाल उभी रेघ आणि आरएक्सची (Rx) खूण असली की ते कॉस्मेटिक नाही, औषध आहे. आणि कुणी आधीच महिनोन्महिने लावत असेल तर हे वाचून आजच फेकून देऊ नका, अचानक बंद केलं तर जास्त भडकतं, त्वचेच्या डॉक्टरकडं जा, ते हळूहळू सोडवतात. गजकर्णाला लावायच्या, स्टेरॉइड मिसळलेल्या मिक्स मलमांचं पण तसंच, खाज दोन दिवसांत थांबते आणि आतल्या आत गजकर्ण पसरत जातं.

दुसरं म्हणजे पारा. हो, थर्मामीटरमधला पारा, त्याचे क्षार. कातडीचा रंग बनायचाच बंद करतो म्हणून उजळ दिसतं, आणि तो आत रक्तात जातो, किडनीत बसतो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती ना, एक मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींना किडनीचा त्रास, आणि शोधत शोधत मुंबईच्या केईएमपर्यंत प्रकरण गेलं तेव्हा कळलं की पार्लरमधून आणलेल्या क्रीममध्ये पारा. त्याच वर्षी केरळात मलप्पुरमला पण अशाच क्रीमनी किडनीचे पेशंट सापडले. नियमानं असल्या क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दहा लाखांत एक भागाच्या वर चालत नाही. पण ज्या डबीवर पत्ताच नाही, बॅच नाही, कुठल्यातरी परक्या लिपीत नाव आहे, किंवा पार्लरवालीनं "आमची स्पेशल नाईट क्रीम" म्हणून पांढऱ्या डबीत भरून दिलीय, तिला कोण विचारणार? म्हणून वर म्हटलं, मागचं कोरं असेल तर फुकट पण नको. लावत असाल आणि सकाळी डोळ्यांखाली, पायांवर सूज, लघवीला फेस दिसत असेल तर डबी बरोबर घेऊन डॉक्टरकडं जा. डबी बरोबर घेऊन, हे महत्त्वाचं.

घरगुती म्हणजे सुरक्षित असं पण डोक्यातून काढा. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की काळे डाग पडतात, फोड पण येतात, ते लिंबू आणि ऊन एकत्र आल्यानंच. खायचा सोडा, मुरमावर टूथपेस्ट, हे पण नको. उटणं मात्र लावा की, आंबेहळद, गव्हला कचोरा, नागरमोथा, वाळा, मुलतानी माती, पण दिवाळीचे चार दिवस ठीक आहे, रोज घासलं तर तो पण स्क्रबच आहे, कातडी सोलवटते.

केसांकडं येऊ. तेल लावल्यानं केस वाढतात असं मी आयुष्यभर ऐकलं आणि विकताना सांगितलं पण (माफ करा). खरं एवढंच की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं, मुंबईतल्याच शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल ह्यांची तुलना करून हे दाखवलं होतं, त्यात खोबरेलच पुढं होतं. म्हणजे धुवायच्या आधी लांबीला तेल, हे आजीचं बरोबर. पण कोंडा असेल तर टाळूवर तेल थापू नका, कोंड्याची बुरशी तेलावरच जगते, तिला जेवण घालताय तुम्ही. कोंड्याला किटोकोनॅझोलचा शाम्पू, आठवड्यातून दोनदा, आणि लावून तीन ते पाच मिनिटं ठेवायचा, लगेच धुतला तर पैसे गेले. बोअरचं पाणी जड असेल तर फेस येत नाही म्हणून लोक दुप्पट शाम्पू ओततात, त्यापेक्षा शेवटचे दोन तांबे तरी नळाच्या पाण्याचे घ्या.

केस गळायला लागले की पहिला आळ शाम्पूवर. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्याकडं शेगाव तालुक्यातल्या गावांत तीन-चार दिवसांत लोकांची टक्कलं पडली तेव्हा पण आधी पाणी आणि शाम्पूच संशयात होते, नंतर महाडच्या हिंमतराव बावस्कर डॉक्टरांनी रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियम नावाच्या खनिजाकडं बोट दाखवलं. सांगायचं हे की शाम्पू बदलत बसण्यापेक्षा रक्त तपासा, हिमोग्लोबिन, थायरॉइड. बाळंतपणानंतर, टायफॉइड-डेंगीनंतर दोन-तीन महिन्यांनी केस जातातच आणि बहुतेक वेळा परत येतात, त्यात कुठल्या तेलाचा हात नसतो.

काळी मेंदी. मेंदी कधीच काळी होत नाही, तिचा रंग केशरी-लाल. जी काळी करते तिच्यात पीपीडी नावाचा डाय असतो, आणि 'अमोनिया फ्री' लिहिलंय म्हणून तो नसतो असं नाही, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काहींना त्याची भयंकर अ‍ॅलर्जी येते, डोळे सुजून बंद होतात, आणि दहा वर्षं लावून काही न झालेल्याला अकराव्या वर्षी येऊ शकते. पाकिटात कागद असतो त्यावर लिहिलेलं असतं, ४८ तास आधी कानामागं लावून बघा. कोणी बघत नाही, पुरुष तर अजिबात नाही, सरळ मिशीला लावतात. मिशीला आणि भुवईला नकोच. लहान पोरींच्या हातावर लग्नात 'पाच मिनिटांत काळी' वाली मेंदी काढू देऊ नका.

टिकलीचं तर आमच्या दुकानात रोजचंच. कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडलेल्या किती बाया मी बघितल्यात, काहीजणींना कोड फुटलं म्हणून घरी टोमणे. तो टिकलीच्या गोंदातल्या रसायनाचा प्रताप असतो. टिकली रात्री काढून ठेवा (आरशाला चिकटवा, आपली पद्धत आहेच), आणि खाज सुटायला लागली की थांबा, डाग पडायची वाट बघू नका, कुंकवावर या. कुंकू पण बघून. आमच्याच जिल्ह्यातलं करमाळ्याकडचं केम कुंकवासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध, हळदीला चुना-क्षार लागून लाल झालेलं ते खरं कुंकू. हळदीचा डाग पडलेल्या शर्टाला साबण लावला की लाल होतो, तीच करामत. म्हणून घरी चिमूटभर कुंकवावर लिंबू पिळा, हळदीचं असेल तर पिवळं पडेल, नुसता रंग असेल तर लालच राहील.

दाताचं थोडक्यात. फ्लोराइडवाली साधी पेस्ट, मोठ्यांना वाटाण्याएवढी, तीन वर्षांच्या आतल्या पोरांना तांदळाच्या दाण्याएवढी, जाहिरातीत ब्रशभर लाट दाखवतात तेवढी नाही. घासल्यावर थुंका, पण खळखळून चुळा भरू नका, फ्लोराइड थोडं राहू द्या. कोळशाची पेस्ट, राख, विटकरी मंजन दात झिजवतात. आणि मिश्री. १९९२ पासून पेस्ट-मंजनात तंबाखू घालायला बंदी आहे पण मिश्री घरीच भाजून होते, सासवा-आज्या "दात शिवशिवतात" म्हणून दिवसातून पाच वेळा लावतात, ती तंबाखूच आहे, दातांचं औषध नाही.

डिओ वास झाकतो, अँटिपर्स्पिरंट घाम कमी करतं, दोन्ही वेगळे. दुसरं रात्री कोरड्या काखेला लावलं तर जास्त काम करतं. तुरटी पण वाईट नाही.

खरेदीच्या वेळचं माझं गुपित: दारातल्या शोकेसमधली बाटली घेऊ नका, दुपारचं ऊन तिच्यावरच असतं, सोलापूरकडचा उन्हाळा तुम्हाला माहितीय, आतली मागा. 'एकावर एक फ्री' असेल तर आधी तारीख बघा, संपत आलेला माल असाच काढतात, आम्ही पण. मिलीचा भाव काढा, मोठी बाटली स्वस्त असतेच असं नाही, शाम्पूच्या पुड्या कित्येकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात. डबीवर उघड्या झाकणाचं छोटं चित्र आणि ६ किंवा १२ आकडा असतो, उघडल्यापासून तेवढे महिने, म्हणून उघडल्याची तारीख पेननं तळाला लिहा. मस्कारा तीन-चार महिन्यांत टाका, काजळ दुसरीला देऊ नका, आणि दुकानात लिपस्टिक ट्राय करायची तर हाताच्या पाठीवर, ओठावर नाही, तुमच्या आधी ती किती जणींनी लावलीय ते मी बघितलेलं असतं.

बिल मागा. दुकानदार तोंड वाकडं करेल, मी पण करते दिवाळीच्या गर्दीत, पण खराब निघालं तर बिल आणि डबी दोन्ही लागतात. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करता येतो, किंवा जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात लेखी द्यायचं, बॅच नंबरसकट. गेल्या वर्षी एका कॉलेजच्या पोरीनं एक क्रीम परत आणली, बिल दाखवलं, बॅच नंबरचा फोटो दाखवला, वर मलाच म्हणाली, "काकू, ह्याच्यावर पत्ताच नाहीये, तुम्ही घेतलीच कशी?" बरोबरच होतं तिचं. त्या एजंटाचा सगळा माल दुसऱ्या दिवशी परत पाठवला.